एम्युलेटर की जुना फोन?

दारव्ह्याचा भाचा विचारतो, "मामा, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. मी बनवलेलं अ‍ॅप कशावर तपासू, जुन्या फोनवर की एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपमध्येच चालणाऱ्या नकली फोनवर?"

तुझ्या लॅपटॉपपुरतं म्हणशील तर वेगात फोनच सरस. अँड्रॉइड स्टुडिओसोबत (अ‍ॅप बनवायचं गूगलचं सॉफ्टवेअर) एम्युलेटर चालवायला गूगलच १६ जीबी रॅम मागतं. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाची मूळ सेटिंग) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एम्युलेटरला प्रोसेसरची थेट मदत देणारी सोय, बंद असेल तर तो सुरूच होत नाही, नाहीतर नुसता रांगतो. आमच्याकडे लाइट गेली की लॅपटॉपचा पंखा घरघरतो नि एम्युलेटर बॅटरी पिऊन टाकतो, ते वेगळंच.

फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरला ७ वेळा टिचकी, मग उघडलेल्या डेव्हलपर पर्यायांत यूएसबी डीबगिंग (लॅपटॉपवरून केबलने अ‍ॅप चालवून तपासायची सोय) चालू, झालं. केबल मात्र डेटावाली घे, नुसती चार्जिंगची नको. कापसाच्या धुऱ्यावर उन्हात अक्षरं दिसतात का, हेही तिथंच कळतं.

वेगवेगळ्या स्क्रीन, अँड्रॉइडच्या आवृत्त्या, खोटं लोकेशन तपासायचं तर एम्युलेटर. तुझ्यासारख्याला रोजच्या कामाला फोन. १६ जीबीवाल्याने दोन्ही ठेवावे.