विंडोज रीसेट झाल्यावर बिटकॉइन वॉलेट शोधताना: फोटोरेक आणि बीटीसीरिकव्हर या दोन फुकट साधनांचं परीक्षण

बिटकॉइन कोअर हे वॉलेट परत मिळवण्यासाठीचे बारा शब्द लिहून घ्यायला कधीच सांगत नाही. सगळ्या चाव्या एका फाइलीत असतात, वॉलेट डॉट डॅट, आणि ती बसते ॲपडेटा, रोमिंग, बिटकॉइन अशा आतल्या फोल्डरात (नव्या आवृत्त्यांच्या ताज्या इन्स्टॉलमध्ये रोमिंगऐवजी लोकल). वनड्राइव्हचा बॅकअप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स घेतो, ॲपडेटा घेत नाही. त्यामुळे विंडोज रीसेट केलं की फोटो परत मिळतात आणि वॉलेट मात्र गेलेलं असतं. या एका परिस्थितीसाठी दोन साधनं इथे तपासली आहेत: डिस्कवरून फाइल उकरून काढणारं फोटोरेक आणि विसरलेला पासवर्ड शोधणारं बीटीसीरिकव्हर. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, दोन्ही फुकट आहेत. पैसे घेणाऱ्या बहुतेक सेवा जे करतात त्यातला मोठा भाग घरी बसून याच दोघांनी होतो, फक्त क्रम चुकवायचा नाही.

क्रमातली पहिली गोष्ट म्हणजे तो संगणक बंद करणं. नवं विंडोज बसल्यावर अपडेट उतरतात, ब्राउझर कॅशे लिहितो, आणि जुन्या फाइलीची जागा मोकळी समजून तिच्यावर काहीही लिहिलं जातं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच सी ड्राइव्हवर डाउनलोड करणं ही सर्रास होणारी आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला यूएसबी अडॅप्टरने जोडा. विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारलं तर नाही म्हणा. त्याहून बरं म्हणजे लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करून डिस्क माउंट न करता डीडीरेस्क्यू या साधनाने तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे बाइटन् बाइट नक्कल, घेणं. ५०० जीबीची डिस्क असेल तर किमान १ टीबीची दुसरी हाताशी हवी, कारण प्रतिमेशिवाय सापडलेल्या फाइलींनाही जागा लागते. डीडीरेस्क्यूला मॅपफाइल, म्हणजे काम कुठवर झालं याची नोंद ठेवणारी फाइल, द्यायला विसरू नका. मध्येच वीज गेली तर काम तिथून पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीत खराब सेक्टर सोडून द्यायचे आणि दुसऱ्या फेरीत त्यांच्यावर तीनदा प्रयत्न करायचा. यापुढचं सगळं काम प्रतिमेवर करायचं, मूळ डिस्क कपाटात.

आशा किती धरायची हे डिस्कचा प्रकार आणि रीसेटचा प्रकार ठरवतो. ‘माझ्या फाइल्स ठेवा’ हा पर्याय निवडला असेल तर आधी विंडोज डॉट ओल्ड हा फोल्डर आहे का ते बघा; कित्येकदा जुना ॲपडेटा तिथे जसाच्या तसा सापडतो आणि पुढचं काहीच करावं लागत नाही. मात्र हा फोल्डर विंडोज काही दिवसांत आपोआप पुसून टाकतं. ‘सगळं काढा’ निवडून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्यायही चालू केला असेल तर जुन्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलेलं असतं. विस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट शून्य लिहितो, क्विक फॉरमॅट लिहीत नाही. हा फरक लक्षात ठेवा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एनक्रिप्शन, चालू असेल तर जुन्या रिकव्हरी कीशिवाय त्या डिस्कवर नुसता गोंधळ वाचायला मिळतो.

आणि एसएसडी. विंडोज ७ पासून ट्रिम चालू असतं. फाइल पुसली की विंडोज ड्राइव्हला कळवतं आणि ड्राइव्हचा कंट्रोलर तो भाग रिकामा करतो. त्यानंतर फोटोरेक काय किंवा महागडी प्रयोगशाळा काय, सहसा शून्यच वाचायला मिळतात. एसएसडीवरही प्रतिमा घेऊन एकदा शोध जरूर घ्या, पण त्यासाठी कुणाला आगाऊ पैसे देऊ नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी. तिथे वर्षानुवर्षं पडून असलेला मजकूरही मिळू शकतो.

आता फोटोरेक. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिएने लिहिलेलं हे साधन त्याच्याच टेस्टडिस्कबरोबर एका झिपमध्ये येतं. फाइल साधी पुसली गेली असेल, डिस्क फॉरमॅट झाली नसेल, तर आधी टेस्टडिस्कचा अनडिलीट वापरा, कारण तो फाइलींची नावं देतो. फोटोरेक नावं देत नाही. तो फाइल सिस्टिमकडे बघतच नाही; सेक्टरमागून सेक्टर वाचतो आणि ओळखीची सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलतो. पडदा काळा, माउसचा उपयोग नाही, सगळं बाणांच्या कळांनी. पहिल्यांदा वापरणारा बिचकतो, पण पर्याय मोजकेच आहेत.

तो जसा येतो तसा चालवला तर लाखो चित्रं आणि मजकुराच्या फाइली रिकप डिर नावाच्या फोल्डरांत ओतून मोकळा होतो. म्हणून फाइल ऑप्ट या पर्यायात जाऊन एस दाबा, सगळे प्रकार बंद करा आणि फक्त ‘कस्टम’ व ‘एसक्यूलाइट’ हे दोन चालू करा. कस्टमसाठी फोटोरेक डॉट सिग नावाची साधी मजकूर फाइल लागते. तिच्यात एकच ओळ: एक्स्टेन्शन म्हणून वॉलेट, मग १२ हा आकडा, मग हेक्साडेसिमल खूण. जुनी वॉलेट डॉट डॅट ही बर्कली डीबी या डेटाबेसची फाइल असते आणि तिच्या शून्यापासून मोजलेल्या बाराव्या बाइटपासून ६२ ३१ ०५ ०० हे चार बाइट येतात. हीच ती खूण, हेक्साडेसिमल संख्येच्या आधीच्या शून्य-एक्ससह सलग लिहायची. आधी फक्त मोकळी जागा शोधायला लावा. काही नाही मिळालं तर पूर्ण डिस्क.

या खुणेने बाकीच्या बर्कली डीबी फाइलीही येतात, आणि शेवट कुठे ते फोटोरेकला कळत नसल्यामुळे पुढची ओळखीची सुरुवात दिसेपर्यंत तो वाचत राहतो. फाइल अवाढव्य निघाली म्हणून टाकून देऊ नका. एचएक्सडीसारख्या हेक्स एडिटरमध्ये उघडून एमकी (एम, के, ई, वाय) हा रोमन अक्षरांतला शब्द शोधा. सापडला तर ते पासवर्ड असलेलं वॉलेट आहे. पासवर्डची सोय २०११ मध्ये ०.४ आवृत्तीत आली. त्याआधीच्या फाइलीत एमकी नसतो आणि चाव्या उघड्या असतात.

नवी वॉलेटं एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असतात, २०२२ च्या २३ व्या आवृत्तीपासून तोच पायंडा. अडचण अशी की क्रोम आणि फायरफॉक्सही एसक्यूलाइट वापरतात, म्हणून फाइलींचा ढीग हाती येतो. प्रत्येक फाइलीचे शून्यापासून मोजलेल्या ६८ व्या बाइटपासूनचे चार बाइट बघा. बिटकॉइन कोअर तिथे एफ९ बीई बी४ डी९ असं लिहून ठेवतं, ब्राउझर तसं लिहीत नाही.

फोटोरेकची खरी मर्यादा तुकड्यांची आहे. वॉलेट फाइल वापरात हळूहळू वाढते, त्यामुळे ती डिस्कवर सलग नसण्याची शक्यता बरीच, आणि फोटोरेक सलग वाचतो. अर्धी फाइल मिळाली आणि कोअरने ती खराब आहे म्हणून नाकारली, तर हार मानायच्या आत पायवॉलेट या तिसऱ्या साधनाचा रिकव्हर पर्याय वापरा. ते फाइल शोधतच नाही, प्रतिमेत थेट चाव्यांच्या नोंदी शोधतं. जुनं साधन आहे, पायथन २ मागतं, ते बसवताना वैताग येतो. पण फाइलीचे चार तुकडे झाले असताना चाव्या परत आणण्याचं काम ते करतं, म्हणून त्याला फोटोरेकच्या बरोबरीचा मान द्यायला हवा.

कोअरऐवजी इलेक्ट्रम हे वॉलेट वापरत असाल तर शोध सोपा. पासवर्ड नसलेली फाइल साधा मजकूर असते, त्यामुळे मजकुराचा प्रकार चालू ठेवून सापडलेल्या फाइलींत ‘सीड अंडरस्कोर व्हर्जन’ हे रोमन अक्षरांत शोधा. मेटामास्क या ब्राउझरमधल्या वॉलेटची तिजोरी (व्हॉल्ट) क्रोमच्या लोकल एक्स्टेन्शन सेटिंग्ज फोल्डरात असते. विंडोज डॉट ओल्डमध्ये ती मिळाली तर मेटामास्कच्याच व्हॉल्ट डिक्रिप्टरने पासवर्ड देऊन उघडता येते. फोटोरेककडून तिथे फारशी अपेक्षा नको.

फाइल मिळाली आणि पासवर्ड आठवत नाही, तिथे बीटीसीरिकव्हरचं काम सुरू होतं. मूळ लेखन ख्रिस्तोफर गर्नीचं, आता स्टीफन रॉदरी ते सांभाळतात, आणि सोबतची माहितीपुस्तिका मुक्तस्रोत जगात क्वचित दिसते इतकी नीटस आहे. पायथन ३ हवं. उतरवून घ्या, लागणारी पॅकेजेस बसवा आणि नंतर इंटरनेट तोडून चालवा.

त्याची ताकद टोकन यादीत आहे. पासवर्डमध्ये असू शकणारे तुकडे एकेका ओळीवर लिहायचे. साधन त्यांची सगळी जुळवाजुळव करून बघतं. एकाच ओळीवर जागा सोडून लिहिलेल्या तुकड्यांपैकी फक्त एकच घेतला जातो. मराठी माणसाला हे फार उपयोगी, कारण आपण पासवर्डात मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितो आणि स्पेलिंग एकसारखं ठेवत नाही. ‘श्री’ला शेवटी आय की दुहेरी ई, मध्ये एच आहे की नाही, ‘आई’त दोन ए की वाय घातलेला: असे सगळे पर्याय एकाच ओळीवर टाका. ओळीच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह दिलं तर त्या ओळीतला तुकडा हवाच असं ठरतं. खुद्द पासवर्डात मोकळी जागा असेल तर तिच्यासाठी टक्का-एस लिहावं लागतं. हे न केल्याने कित्येकांचा बरोबर अंदाजही वाया जातो.

संख्या किती झपाट्याने फुगते ते आधी बघा. सहा वेगळे तुकडे, कोणतेही, कोणत्याही क्रमाने: १,९५६ पासवर्ड. शेवटी चार आकडे असणारच असं जोडलं की सुमारे १ कोटी ९६ लाख. म्हणून आधी लिस्टपास पर्याय चालवून यादी डोळ्यांखालून घाला आणि ऑटोसेव्ह चालू ठेवा. बिटकॉइन कोअर प्रत्येक पासवर्ड किमान २५,००० वेळा हॅशमधून काढतं, त्यामुळे वेग कमीच असतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर हॅशकॅट या पासवर्ड शोधणाऱ्या दुसऱ्या साधनाचा ११३०० हा मोड बराच पुढे जातो. पण टायपिंगच्या चुका, म्हणजे कॅप्सलॉक राहिलेलं, अक्षर दुप्पट झालेलं, शेजारची दोन अक्षरं उलटलेली, हे हाताळण्यात बीटीसीरिकव्हर जास्त सोयीचं. पासवर्डबद्दल काहीच आठवत नसेल, तर मात्र दोन्हींचा उपयोग नाही.

दुसऱ्याकडे काम द्यायचंच असेल तर पूर्ण फाइल देऊ नका. बीटीसीरिकव्हरमध्ये बिटकॉइन कोअरसाठी वेगळी स्क्रिप्ट आहे, ती एनक्रिप्ट केलेल्या मास्टर चावीचा फक्त काही भाग काढून देते. तेवढ्यावर पासवर्ड शोधता येतो, नाणी काढता येत नाहीत. जी सेवा हा तुकडा घ्यायला नकार देऊन अख्खी फाइल मागते तिच्यापासून दूर राहा. प्रामाणिक सेवा यश आल्यावरच वाटा घेतात, साधारण २० टक्क्यांच्या आसपास. ‘आधी गॅस फी भरा’ म्हणणारे टेलिग्रामवरचे रिकव्हरी एजंट सरळ चोर आहेत. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. डिस्क नादुरुस्त असून प्रयोगशाळेत द्यावी लागली, तर फाइली शोधून मागू नका, पूर्ण प्रतिमाच मागा. पासवर्ड नसलेलं वॉलेट त्या डिस्कवर असेल तर ती रोख रक्कमच आहे.

फाइल उघडताना शेवटची एक अडचण येते. ऑक्टोबर २०२५ च्या ३० व्या आवृत्तीपासून कोअर जुनी बर्कली डीबी वॉलेटं थेट उघडत नाही, आधी मायग्रेट, म्हणजे नव्या स्वरूपात रूपांतरित, करावी लागतात. हे नेहमी प्रतीवर करा. प्रून केलेल्या, म्हणजे जागा वाचवायला जुने व्यवहार पुसून टाकलेल्या कोअरवर जुनं वॉलेट उघडत नाही, आणि व्यवहारांच्या पूर्ण साखळीला (ब्लॉकचेनला) ६०० जीबीहून अधिक जागा लागते. घाई असेल तर पासवर्ड मिळाल्यावर खासगी चाव्या काढा आणि इलेक्ट्रममध्ये स्वीप करून नाणी नव्या वॉलेटात न्या. नाणी १ ऑगस्ट २०१७ च्या आधीपासून त्या पत्त्यांवर असतील, तर त्याच चाव्यांवर बिटकॉइन कॅश हे त्या दिवशी बिटकॉइनमधून फुटलेलं नाणंही आहे. पण आधी बिटकॉइन हलवा आणि मगच ती जुनी चावी बिटकॉइन कॅशच्या वॉलेटला द्या.