स्वप्नांची वही, एक झाड आणि आठ जणांचे वर्तुळ

अबोध मनाचा शोध, निसर्गाचा सहवास आणि समूहाचा आधार यांची सांगड घालणारा बारा आठवड्यांचा एक उपक्रम मी नुकताच पूर्ण केला. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर दोन वर्षे उलटूनही दुःख ओसरत नव्हते, म्हणून मी नाव नोंदवले होते.

उपक्रमाचा सर्वांत कसदार भाग स्वप्नांचा. रोज सकाळी उठताच स्वप्न वर्तमानकाळात लिहायचे आणि आठवड्यातून एकदा त्यातले एकच चित्र घेऊन मार्गदर्शकांसमोर बसायचे, अशी ही पद्धत होती. मला वारंवार दिसणाऱ्या बंद दाराचा अर्थ मी विचारला, तेव्हा तो सांगण्याऐवजी त्यांनी, दाराला हात लावला तर ते गार लागेल की उबदार, एवढेच विचारले. त्या प्रश्नावर मी बराच वेळ रडलो. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्याशी १९१३ मध्ये फारकत झाल्यानंतर स्विस मनोचिकित्सक कार्ल युंग यांनी आधी स्वतःवरच करून पाहिलेली ‘सक्रिय कल्पना’ ही या कामामागची पद्धत आहे. जागेपणी मनातल्या प्रतिमेशी बोलायचे, पण तिचा अर्थ लावण्याची घाई करायची नाही, हे पथ्य येथे कसोशीने पाळले गेले.

दर आठवड्याला फोन दूर ठेवून एकाच झाडाखाली तासभर बसणे मला आधी बाळबोध वाटले होते. चौथ्या आठवड्यापासून मात्र त्या तासाची मी वाट पाहू लागलो. माहितीपुस्तिकेतला ‘निसर्ग प्रत्येक जखम भरतो’ हा दावा अतिरंजित आहे. संशोधक रॉजर उलरिक यांच्या १९८४ च्या प्रसिद्ध अभ्यासात, खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून थोडे लवकर घरी जाता आले आणि तीव्र वेदनाशामके कमी लागली. पण तो अभ्यास अवघ्या ४६ रुग्णांचा होता आणि शोकाशी त्याचा संबंध नव्हता.

समूहाच्या बाबतीत माझी तक्रार आहे. आम्ही आठ जण वर्तुळात बसत असू. सल्ला द्यायचा नाही, स्वतःपुरतेच बोलायचे, हा नियम चांगलाच होता आणि पहिले चार आठवडे त्याने आम्हाला धीर दिला. पाचव्या बैठकीत एका सहभागी व्यक्तीने लहानपणी सोसलेल्या मारहाणीबद्दल प्रथमच तोंड उघडले आणि ती बोलत असतानाच, वेळ संपली म्हणून बैठक आटोपण्यात आली. पुढच्या बैठकीपर्यंत तिची कोणी विचारपूसही केली नाही. प्रवेशअर्जात चालू उपचार, औषधे किंवा आत्महत्येचे विचार यांबद्दल एकही प्रश्न नव्हता, हे मला तेव्हा आठवले. मी लेखी कळवल्यावर आयोजकांनी दिलगिरी व्यक्त केली, अर्ज मात्र तसाच आहे.

दैनंदिन व्यवहार सांभाळू शकणाऱ्या, पण आतून थबकलेल्या माणसाला हा उपक्रम मी सुचवीन. ज्यांच्या जखमा ताज्या आहेत किंवा ज्यांचे मनोविकारावरील उपचार चालू आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे आणि दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत त्रास झाल्यास फोन कोण उचलणार, हे आयोजकांकडून लेखी घ्यावे.