प्लॉप बूट मॅनेजर ५.०.१५ : बायोस अडून बसलं तर

जुन्या पीसीवर लिनक्स टाकायचं, पण बायोस (मशीन चालू होताच आधी जागा होणारा प्रोग्रॅम) सीडी किंवा पेनड्राइव्हवरून बूट, म्हणजे सुरू, होऊच देत नाही. अशा वेळी कामाला येतो प्लॉप हा छोटा प्रोग्रॅम. सीडीवरून बूट करण्याचं एल टोरिटो हे मानक १९९५ सालचं. त्या सुमाराच्या कित्येक बायोसना ते ठाऊकच नाही. पुढच्या काही वर्षांतल्या मशीनवर सीडी चालते, पण पेनड्राइव्ह बूटच्या यादीत येत नाही. अशा मशीनच्या सीडी ड्राइव्हची लेन्स गेली की तेही त्याच पंगतीत. प्लॉप एवढंच दुखणं दूर करतं, पण पक्कं. त्याच्याकडे आयडीई (जुन्या रुंद केबलच्या) सीडी ड्राइव्हचे आणि यूएसबीचे स्वतःचे ड्रायव्हर आहेत, त्यामुळे बायोसला विचारावं लागत नाही. सगळा कारभार १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावतो.

फ्लॉपीची इमेज फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, डीडी (लिनक्स) किंवा रॉराइट (डॉस-विंडोज) या प्रोग्रॅमने सेक्टरवार लिहावी लागते. जुन्या फ्लॉपीत बॅड सेक्टर निघणारच, तेव्हा तीन-चार हाताशी ठेवा. डिस्कवर आधीपासून ग्रब २ (लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) असेल तर फ्लॉपी कशाला? प्लॉपच्या झिपमधली 'पीएलपीबीटी डॉट बिन' फाइल बूट फोल्डरमध्ये टाका आणि ग्रबच्या नोंदीत 'लिनक्स१६' ही आज्ञा द्या. साध्या 'लिनक्स' आज्ञेने ती उघडत नाही.

मेनूत यूएसबी निवडल्यावर स्क्रीन गोठली तर सेटिंगमध्ये यूएसबी १.१ सक्तीने लावून पाहा. हब काढा, पेनड्राइव्ह थेट पोर्टला लावा आणि एकच ठेवा. १.१ चा वेग १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम १ एमबी. पण प्लॉपला वाचायचे असतात फक्त कर्नेल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (त्याच्या सुरुवातीच्या फाइलींचं गाठोडं). कर्नेल जागा झाला की लिनक्सचे ड्रायव्हर सूत्रं घेतात. पोर्टच १.१ चे असतील तर मात्र ७०० एमबी वाचायला बारा मिनिटं तरी धरा.

कर्नेल जागा झाला की प्लॉपचं काम संपतं, म्हणूनच तो सुरू होताना 'पीएई नाही' (पीएई म्हणजे ३२-बिट प्रोसेसरला ४ जीबीपुढची मेमरी वापरू देणारी सोय) अशी तक्रार आली तर प्लॉपला शिव्या देऊ नका. सुरुवातीच्या पेंटियम एम प्रोसेसरवर हे हमखास होतं. तिथे पीएई न लागणाऱ्या कर्नेलची ३२-बिट अँटीएक्स ही हलकी लिनक्स घ्या. २५६ एमबी रॅमवरही ती तग धरते. डेबियन हे लिनक्सच हवं असेल तर आवृत्ती १२ वर थांबा, १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही.

स्कझी (आयडीईहून वेगळी जोडणी) सीडी ड्राइव्ह, यूएसबी ३ आणि यूईएफआय (बायोसची नव्या मशीनवरची जागा घेणारं) प्लॉपच्या आवाक्याबाहेर. फुकट आहे, पण सोर्स बंद. लिनक्सवाल्यांच्या घासात हा एक खडा.

लिनक्स इन्स्टॉल करताना बूटलोडर कुठे टाकायचा हे विचारलं जाईल, तिथे सावध. लिनक्स डिस्कना 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं देतं, त्यात पेनड्राइव्हच 'एसडीए' झालेला असू शकतो आणि डिस्क 'एसडीबी'. नावावर जाऊ नका, आकार पाहून डिस्क निवडा. आणि रीबूट करण्याआधी फ्लॉपी काढा, नाहीतर परत प्लॉपचाच मेनू.