न लोळणारा मका : पेरणीपासून मळणीपर्यंतचा अनुभव

मलकापूर तालुक्यातील आमच्या भारी काळ्या जमिनीत गेल्या खरिपात ‘लोळत नाही’, म्हणजे वाऱ्यापावसात आडवा पडत नाही, असे सांगून विकला जाणारा एक संकरित मका पेरला. हा दावा झाडाच्या नेमक्या कोणत्या गुणावर टिकतो, हे मळणीपर्यंत तपासत राहिलो. वाणाचे नाव मुद्दाम देत नाही. असे गुण अनेक कंपन्यांच्या बियाण्यांत आढळतात आणि निवड नावापेक्षा गुणांवरून व्हावी.

मका दोन तऱ्हांनी पडतो, पण हा भेद पिशवीवर छापलेला नसतो. ओल्या जमिनीत मुळांची पकड सुटली की झाड बुडापासून कलंडते; आणि खोड कमकुवत असेल तर मुळे घट्ट असूनही कणसाच्या खाली ताट मोडते. या वाणाची खरी ताकद ताट न मोडण्यात आहे. जमिनीलगतची कांडी आखूड व जाड आहेत आणि त्यांची साल नखाने सहज टोचली जात नाही. वाकण्याला विरोध करते ती मुख्यतः ही बाहेरची साल, आतला मऊ गाभा नव्हे. वेळू पोकळ असूनही वाऱ्यात टिकतो तो याच कारणाने. दुसरा गुण कणसाच्या जागेचा. येथे कणीस झाडाच्या निम्म्या उंचीच्या थोडे खालीच लागते. धुऱ्यापलीकडच्या उंच वाणात ते निम्म्याच्या बरेच वर होते, त्यामुळे वारा तेवढाच असूनही बुडावर येणारा ताण अधिक होता आणि त्या वावरात मोडलेली ताटे ठिकठिकाणी दिसत होती.

तिसरा गुण उशिरा लक्षात येतो. दाणे भरण्याच्या काळात आभाळ सतत झाकलेले राहिले किंवा लष्करी अळीने पाने खाल्ली, तर पानांत तयार होणारी साखर कणसाला अपुरी पडते आणि झाड ती खोडातून ओढते. गाभा असा रिकामा झाला की खोडकुजीच्या बुरशीला वाट मिळते. या वाणाची पाने कणीस पिवळे पडल्यावरही बराच काळ हिरवी राहिली. काढणीच्या सुमारास खालचे कांडे अंगठा व बोटात दाबून पाहिले, तेव्हा ते बहुतेक झाडांत दबले नाही. ही परीक्षा फुकट आहे आणि कोणत्याही वाणावर करावी. बरीच ताटे दबू लागली, तर दाणा वाळण्याची वाट न पाहता ते वावर आधी काढावे.

मुळांच्या बाबतीत मात्र हा वाण मध्यमच म्हणावा लागेल. तुरा येण्याच्या सुमारास पावसासोबत जोराचा वारा सुटला आणि पाणी साचणाऱ्या सखल कोपऱ्यातील झाडे कलंडली. आधारमुळांचे, म्हणजे बुडालगतच्या कांड्यांवरून जमिनीच्या वर फुटणाऱ्या मुळांचे, दुसरे वेढे फुटले होते, पण ते मातीपर्यंत पोहोचले नव्हते, आणि मातीत न शिरलेले आधारमूळ झाडाला धरून ठेवू शकत नाही. डवऱ्याने ज्या ओळींना वेळेवर मातीची भर दिली होती, त्या उभ्या राहिल्या. कलंडलेल्या झाडांनी पुढे शेंडे वर उचलले खरे, पण बुडाशी राहिलेला बाक विळ्याने कापताना त्रास देतो.

विक्रेत्याने दाट पेरणी सुचवली होती. 75 बाय 20 सेंटीमीटरवर हेक्टरी सुमारे 66 हजार झाडे बसतात, 60 बाय 20 वर 83 हजार. दाट पट्ट्यात झाडे उंच व बारीक झाली आणि कणीसही वर सरकले. म्हणजे ज्या गुणांसाठी पैसे मोजले, तेच दाटीत पातळ झाले. खताचेही तसेच आहे. हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 40 किलो पालाश अशी शिफारस असताना आपल्याकडे युरियावर भर देऊन पालाश वगळले जाते, आणि अशा असंतुलनात चांगल्या वाणाचे ताटही ठिसूळ होते.

तोटे दोन. पाने हिरवी राहिल्याने या वेळी दाण्यातील ओलावा हळू उतरला आणि हरभऱ्याची पेरणी मागे पडली. शिवाय टणक ताटे गुरे तशीच खात नाहीत, कुट्टी करावीच लागते. वैरणीसाठी मका लावणाऱ्यांनी हा वाण घेऊ नये. निचऱ्याच्या जमिनीत धान्यासाठी लावणाऱ्यांनी रुंद ओळींत अवश्य घ्यावा. आमच्या सखल कोपऱ्यात येत्या खरिपात आधी चर काढायचा आहे, मगच तेथे मक्याचा विचार होईल.