इंग्रजी वाक्य लिहायला शिकायचंय: भाषांतर करत, की साचा धरून?

शेजारच्या वहिनींना मुलीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या असतात. समोरच्यानं लिहिलेलं त्यांना कळतं, शब्दही ओळखीचे असतात, पण स्वतःचं वाक्य काही उभं राहत नाही. क्लास लावू, पुस्तक आणू की मोबाईलवरच शिकू, असं त्यांनी विचारलं. मी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, मास्तर नाही. पण हा घोळ मी तिशी उलटल्यावर स्वतः घालून बसलोय, त्यामुळे कुठं पाय घसरतो ते माहीत आहे. वहिनींची शाळा माझ्यासारखीच जुनी. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, आम्ही एबीसीडी गिरवली ती पाचवीत.

क्लास, पुस्तक, मोबाईल हे नंतर ठरवता येईल. आधी ठरवायचं ते वेगळंच: मराठी वाक्याचं इंग्रजी करत शिकायचं, की इंग्रजी वाक्याचा साचा धरून त्यात शब्द भरायचे? एकच वाक्य घेऊन बघू. ‘मला ताप आलाय.’

भाषांतरानं मी पहिल्यांदा वहीत काय लिहिलं होतं? ‘टू मी फीव्हर केम.’ हसू नका, एकेक शब्द बरोबर आहे. मला म्हणजे टू मी, ताप म्हणजे फीव्हर, आला म्हणजे केम. डिक्शनरी समोर उघडी होती. वाक्य तेवढं इंग्रजी नव्हतं.

आपल्या सोलापुरात यावर एक गैरसमज आहे. पूर्व भागातल्या पोराला घरी तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड, शिवाय हिंदी, म्हणजे चार भाषा येतात, मग पाचवी काय अवघड? बोलायला कदाचित नसेलही. लिहिताना मात्र चारी भाषा एकाच बाजूनं ओढतात. तेलुगूत ‘नाकु ज्वरम् वच्चिंदि’, कन्नडमध्ये ‘ननगे ज्वर बंदिदे’. तिकडेही ‘मला’ आधी आणि ‘आलाय’ शेवटी. क्रियापद शेवटी ठेवायची सवय चारी ठिकाणी पक्की होते, आणि इंग्रजीला ते मध्ये लागतं. म्हणून आमच्या ऑफिसात नवा पोरगा बिनदिक्कत लिहितो, ‘वी टुडे टू हंड्रेड टॉवेल्स सेंट.’

साचा म्हणजे एवढंच: कोण, काय केलं, कशाला, कुठं, कधी. वहीच्या पानावर उभे पाच रकाने आखायचे आणि रोज पाच वाक्यं त्यात बसवायची. ‘वी / सेंट / टू हंड्रेड टॉवेल्स / टू पुणे / टुडे.’ रकाना आखलेला असला की ‘सेंट’ उचलून शेवटी टाकायला हातच धजत नाही. पंधरा-वीस दिवसांत रेघा न आखताही हात बरोबर चालतो, निदान माझा चालला.

साच्यातही एक खोट आहे. ‘मला’नं सुरू होणारी वाक्यं त्यात सरळ बसत नाहीत. मला भूक लागली : आय ॲम हंग्री. मला माहीत आहे : आय नो. मला दोन भाऊ आहेत : आय हॅव टू ब्रदर्स. मला ताप आलाय : आय हॅव अ फीव्हर. चारी ठिकाणी ‘मला’चं ‘आय’ झालं, पण पुढं कुठं ॲम, कुठं हॅव, तर कुठं नुसतं क्रियापद. याला नियम शोधत बसू नका. एक पान फक्त ‘मला’चं करा, जमेल तसं भरत जा आणि येता-जाता वाचा.

काळाच्या बाबतीत मात्र सोलापूरकरांची चैन आहे. ‘काय करलालास बे?’ हे आपण आत्ता, या घडीला काय चाललंय त्यासाठीच विचारतो. रोजच्या कामाबद्दल ‘काय करतोस’ असं म्हणतो. जिथं ‘लालास’, ‘लालोय’ तोंडात येतं तिथं बहुतेक ‘इंग’ लावा : व्हॉट आर यू डूइंग. जिथं नुसतं ‘करतोस’, तिथं ‘डू’ : व्हॉट डू यू डू. यानं ‘आय ॲम नोइंग’सुद्धा टळतं, कारण ‘माहीत’ला आपण ‘लालोय’ जोडत नाही. बाहेरगावी हसतात त्या बोलीला, हसू देत.

‘अ’ आणि ‘द’ कुठं लावायचं? पहिले तीन महिने चुकू दे. मराठीत ती वस्तूच नाही, आणि ती चुकली तरी समोरच्याला अर्थ कळतो.

मग भाषांतर टाकूनच द्यायचं का? नाही, साचा बसल्यावर ते कामाचं आहे. शब्द वाढतात, आणि मनातलं नेमकं मांडायची खटपट होते. नुसत्या साच्यावर राहिलं तर ‘आय गो टू मार्केट’च्या पुढं गाडी जात नाही. फक्त क्रम उलटा नको.

क्लासबद्दल थोडक्यात. वही तपासतात का, एवढंच विचारा. मी गेलो तिथं फळ्यावर बारा काळांचा तक्ता होता आणि आम्ही साठ जण. माझी वही कुणी उघडली नाही. दहा जणांची बॅच असेल आणि रोज लाल पेन फिरत असेल तर पैसे द्यावेत. नसेल तर बालभारतीची पहिली ते चौथीची इंग्रजीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती काढा. लहान मुलांचं पुस्तक म्हणून लाजायचं कारण नाही, वाक्यं छोटी आहेत तेच हवंय.

मोबाईलवर गूगल ट्रान्सलेट मराठीचं इंग्रजी क्षणात करून देतं. ग्रुपवर आत्ताच्या आत्ता उत्तर द्यायचं असेल तर खुशाल वापरा. शिकायचं असेल तर आधी स्वतः वहीत लिहायचं, मग त्याचं वाक्य बघायचं आणि फरक असेल तिथं रेघ मारायची. आधीच बघितलं की सगळं सोपं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पान कोरंच राहतं.

वहिनींनी परवा रकाने आखले. पहिलं वाक्य होतं, ‘माय डॉटर हॅज फीव्हर. शी विल नॉट कम टुडे.’ ‘अ’ राहिला. मी काही बोललो नाही.