जुनी लक्झरी एसयूव्ही घरीच सांभाळायची असेल तर कोणती घ्यावी?

आठ-दहा वर्षं वापरलेली लक्झरी एसयूव्ही नव्या साध्या गाडीच्या भावात मिळते आणि मोह आवरत नाही. पण उतरलेली असते ती फक्त गाडीची किंमत. सुट्या भागांचे आणि मजुरीचे भाव तिथेच असतात, म्हणून पुढे हत्ती पोसायची वेळ येते. मजुरी वाचवायला आपणच पाना हातात घ्यावा, हा विचार रास्त आहे. फक्त तो गाडी दारात येण्याआधी करायला हवा. कारण काही गाड्या घरच्या माणसाला हात लावू देतात, काही मुळीच देत नाहीत.

म्हणून इथे वेग, लेदर, आवाज हे सगळं बाजूला ठेवलं आहे. मोकळे शनिवार-रविवार, सपाट पक्की जमीन आणि हाताला थोडी सवय, एवढ्या भांडवलावर लेक्सस जीएक्स ४६०, बीएमडब्ल्यू एक्स५ (२००६ ते २०१३ ची, ई७० नावाची पिढी) आणि रेंज रोव्हर (२०१२ पर्यंतची, एल३२२ नावाची पिढी) यांपैकी कोणती झेपेल, एवढंच बघू या.

लेक्सस: कंटाळवाणी, म्हणूनच सोयीची

जीएक्स ४६० ही आतून लँड क्रूझर प्राडोच. वेगळी चासी, ४.६ लिटरचं टर्बो नसलेलं व्ही८ इंजिन, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. पुढचे ब्रेक पॅड बदलताना कॅलिपर उतरवावा लागत नाही. चाक काढायचं, क्लिप आणि दोन पिना ओढायच्या, पॅड वरच्या वर बाहेर येतात. प्रॉपेलर शाफ्टला ग्रीस भरायचे निपल आहेत. आजकालच्या गाड्यांतून ते नाहीसेच झालेत.

दोष नाहीत असं नाही. पाण्याचा पंप झिरपू लागला की त्याभोवती गुलाबी खपली धरते, ती टॉर्च मारून बघावी. कॅम टॉवरच्या (इंजिनाच्या वरचा, कॅमशाफ्ट धरणारा भाग) सीलमधून तेल गळण्याच्या तक्रारी आहेत आणि ते काम घरचं नव्हे. काही मॉडेलांत मागे एअर सस्पेन्शन (स्प्रिंगांच्या जागी हवा भरलेले रबराचे फुगे) आहे; पुढे मात्र साध्या स्प्रिंगा. एकंदरीत ही गाडी तुम्हाला फारसं शिकवणार नाही, पण सोमवारी कामावर नक्की नेईल.

एक्स५: इंजिन कुठलं, यावर सगळं

एक्स५ चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. ४.४ लिटरच्या एन६३ व्ही८ मध्ये दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेत. त्या उष्णतेने आसपासचे पाइप आणि सील भाजून निघतात, शिवाय व्हॉल्व्ह सीलमधून तेल जळण्याची खोड आहे. हे इंजिन घरी सांभाळायला घेऊ नये, कितीही स्वस्त मिळो.

सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मात्र हौशी माणसासाठी छान आहे. सहाही सिलिंडर एका ओळीत, ऑइल फिल्टर वर हाताशी. बिघाडसुद्धा ओळखीचे आणि ठरलेले. फिल्टर हाउसिंगचं गास्केट कडक होतं, तेल खाली फॅन बेल्टवर ठिबकतं आणि भिजलेला बेल्ट फाटतो. फाटलेल्या बेल्टचे तुकडे क्रँकच्या सीलमधून आत ओढले गेले तर मोठं काम निघतं. गास्केट क्षुल्लक असतं, एका दुपारचं काम. पाण्याचा पंप इलेक्ट्रिक आहे आणि बहुधा आगाऊ सूचना न देता बंद पडतो. लाखभर किलोमीटर झाले असतील आणि बदलल्याचं बिल मालकाकडे नसेल, तर तो थर्मोस्टॅटसकट आधीच बदलावा. त्याचे ॲल्युमिनियमचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. जुने परत घट्ट करायला गेलात तर तुटतात.

आणखी एक गोष्ट नवख्याला चक्रावते. बॅटरी बदलली की ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते. गाडी बॅटरीच्या वयाप्रमाणे चार्जिंग ठरवत असते, त्यामुळे नोंद न केल्यास नव्या बॅटरीलाही जुनीसारखं वागवते.

रेंज रोव्हर: मन म्हणतं घे

चालवायला तिघींत हीच सर्वात सुखाची. आणि चारही चाकांवर एअर सस्पेन्शन असलेलीही हीच. रबराच्या फुग्याला घडीवर बारीक चिरा पडतात, हवा हळूहळू जाते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि शेवटी तोच जळतो. बरेच लोक नुसता कॉम्प्रेसर बदलतात. गळती तशीच राहते आणि नवाही त्याच वाटेने जातो. निदान मात्र घरी होतं. गाडी सपाट जागी रात्रभर उभी करा, सकाळी कुठला कोपरा बसलाय ते बघा, तिथल्या फुग्याच्या घडीवर आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे दिसतील.

हे करताना चाकाच्या वरच्या पोकळीत हात किंवा डोकं घालू नये. हवा सुटली की गाडी बसते आणि ती फट क्षणात मिटते. खाली काम असेल तर सस्पेन्शन कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे लॉक करून वजन चासीखालच्या स्टँडवर घ्यायचं. जॅकच्या भरवशावर कधीच जायचं नाही. वजनही सुमारे अडीच टन आहे. साध्या गाडीचे स्टँड इथे उंचीलाही पुरत नाहीत आणि ताकदीलाही. २०१० नंतरच्या ५ लिटर व्ही८ ला टायमिंग चेनच्या टेन्शनरचा त्रास आणि कूलंटचे प्लास्टिक पाइप, हे वर आणखी.

एक काम, तिन्ही गाड्यांत

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. एक्स५ मध्ये आणि बहुतेक रेंज रोव्हरमध्ये तो झेडएफचा असतो. गाडीच्या कंपन्या त्या तेलाला आयुष्यभराचं म्हणत आल्या, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला म्हणते. मी बनवणाऱ्याचं ऐकेन.

घरी करायचं तर आधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा, मगच खालचा काढा. खालचा काढून तेल सांडून बसलात आणि वरच्याचे आटे अडकले, तर गाडी जागची हलणार नाही. नवं तेल भरताना गाडी समतल, इंजिन चालू, प्रत्येक गिअरमधून फिरवून आणायचं आणि तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांच्या आत असताना पातळी बघायची. तापमान गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर दिसतं. लेक्ससमध्ये गिअरबॉक्स वेगळा आणि तापमानाचे आकडे वेगळे, पण पातळी तापमानावरच ठरते.

स्कॅनरवरून आठवलं. बाजारातला साधा ओबीडी स्कॅनर बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतो. सस्पेन्शन, एअरबॅग, गिअरबॉक्स यांच्या पोटात शिरायला त्या-त्या कंपनीसाठी चालणारं साधन लागतं: बीएमडब्ल्यूला इस्टा, लेक्ससला टेकस्ट्रीम. लँड रोव्हरसाठी वेगळी उपकरणं मिळतात. हा खर्च पहिल्या दिवशीच धरावा.

गॅरेजला काय द्यावं

तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, कूलंट आणि बाहेरून दिसणारी गास्केटं आपली. टायमिंग चेन, एसीचा गॅस, एअरबॅग आणि डिझेलची कॉमन रेल (इंजेक्टरांना दाबाने डिझेल पुरवणारी नळी) दुसऱ्याची. चालू इंजिनात त्या रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो, बारीक फवाराही कातडीत घुसतो. अधिकृत सेवा केंद्र की त्या कंपनीच्या गाड्यांत मुरलेला स्वतंत्र मेकॅनिक? वॉरंटी संपली असेल तर दुसरा. मात्र आपण आणलेला भाग तो बसवील का, हे आधीच विचारून घ्यावं. बरेच जण नाही म्हणतात.

मर्सिडीजच्या व्ही६ डिझेलमध्ये ऑइल कूलरचे सील किरकोळ किमतीचे, पण ते इंजिनाच्या मधोमध खाली बसलेले. तिथवर पोचायला टर्बो आणि इनटेक उतरवावं लागतं. ऑडी क्यू७ च्या ३ लिटर डिझेलमध्ये टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे तिथवर पोचायलाही आधी बरंच काही उतरवावं लागतं. म्हणून त्या दोन्ही या यादीत घेतल्या नाहीत.

माझा कौल: घरात दुसरी गाडी नसेल तर लेक्सस. असेल आणि शिकायची हौस असेल, तर सहा सिलिंडरची पेट्रोल एक्स५. रेंज रोव्हर घ्यायचीच असेल, तर विकणाऱ्याला गाडी रात्रभर बंद ठेवायला सांगा आणि सकाळी तिला कुणी सुरू करायच्या आत चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजा.