टुल्साची बाग की न्यूयॉर्कचं बेट?

अमेरिकेतल्या या दोन्ही बागा धनिकांच्या पैशांतून उभ्या राहिल्या, प्रवेश दोन्हीकडे फुकट. माध्यम-उद्योजक बॅरी डिलर आणि फॅशन डिझायनर डिआन फॉन फर्स्टनबर्ग या जोडप्याचं ‘लिटल आयलंड’ २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर खुलं झालं. काँक्रीटच्या १३२ कुंड्यांवर तोललेली अडीच एकरांहूनही कमी जागा, खर्च सुमारे २६ कोटी डॉलर! दिसायला झकास, पण तासाभरात फिरून होतं.

ओक्लाहोमातल्या टुल्साचं ‘गॅदरिंग प्लेस’ २०१८ चं. अब्जाधीश उद्योजक जॉर्ज कायझर यांच्या फाउंडेशनच्या पुढाकाराने साधारण ४६ कोटी डॉलर उभे राहिले, त्यांतले १० कोटी निव्वळ देखभालीसाठी. साठाहून जास्त एकरांत पोरांनी मनसोक्त हुंदडावं, तळ्यात होडी वल्हवावी. माझं मत टुल्साला. फोटो मात्र बेटावरच झकास निघणार, हे कबूल.